चालत नाही

मुजम्मिलभाईच्या भंगाराच्या दुकानात
तांबं संध्याकाळी मोजतो आम्ही.
लोखंड गिरणीच्या ट्रकनं गेलेलं असतं.
उरतात जळक्या मोटारींची वेटोळी,
फुटका बंब, तपेल्याचं बूड,
आणि कधीमधी, ज्वारीच्या तळाला खडे राहावेत तशी
चार नाणी.
ती मी बाजूला काढतो.
भाई भाव किलोचाच लावतो, पगारातून कापतो,
वर म्हणतो, "ले जा, तेरी बीमारी."

बारा वर्षं झाली या बीमारीला.
बिस्किटाचा पत्र्याचा डबा,
त्यात हाली पै, दोन पै, अर्धा आणा.
निजामाचा तुघरा मला वाचता येत नाही,
मला तो बाभळीत गुंतलेला मांजा दिसतो.
भाई चष्मा कपाळावर सरकवून
नाणं डोळ्यांशी नेतो:
"ज़र्ब... फ़र्ख़ंदा बुनियाद... हैदराबाद.
सन तेरा सौ उनचास."
तेवढ्यापुरता त्याचा आवाज बदलतो,
दुकानात कुणी मोठं माणूस आल्यासारखा.
मग लगेच: "वो पीतल अलग रख रे."

आणि शिवराई.
ठसा मोठा, चकती लहान,
म्हणून "छत्र" आलं तर "पति" राहिलं ऐरणीवर.
मी अर्ध्या शब्दाचीही हजेरी लावतो.

एका दिवाळीला मी सगळी धुतली.
चिंच, मीठ, राख, द्वारकाचा काथ्या;
रात्रभर घासून
पूजेच्या ताम्हनासारखी केली लख्ख.
डबा घेऊन औरंगाबादला गेलो, शहागंजात.
कासलीवाल शेठनी भिंग लावलं,
एक पाहिलं, दुसरं पाहिलं,
भिंग खाली ठेवलं.
"आंघोळ घातली का यांना?"
म्हटलं, हो.
"शंभर वर्षांचे हात होते यावर, राजा.
घेणारा त्याचेच पैसे देतो."
परतीच्या एसटीत, बदनापूर जाईपर्यंत,
डबा मांडीवर वाजत होता
नव्या भांड्यासारखा.

तेव्हापासून मी कशालाच पाणी लावत नाही.
मळ येतो तसा ठेवतो,
हळदीचा, तपकिरीचा,
कुणाच्या कनवटीच्या घामाचा हिरवा.

वैशाखात गयाबाई खरातनं पोतं आणलं.
जाळून काढलेल्या तारांत
एक न जळलेला काळा दोरा,
दोऱ्यात ढब्बू पैसा, मधोमध भोक.
भोकाचं नाणं कुठल्याच शेठच्या कामाचं नाही.
तरी ठेवलं.

महिन्यानं ती आली, उभीच राहिली,
काट्याकडे बघत.
"पोरीच्या कमरंचा होता.
पोत्यात गेला कसा, की बाई.
पोर अंबडला नर्सिंग शिकती,
तिला काय बी नाही त्याचं.
मलाच झोप लागंना."

मी दोरा काढून दिला नाही आधी.
हात सवयीनं काट्याकडे गेला, त्याची लाज वाटते.
नऊ ग्रॅम. सहा रुपये.

तिनं चोळीतून धाचा ठोकळा काढला.
"सुट्टे न्हाईत. आन् ह्यो तर कुणी घीना.
किराणावाला म्हणतो चालत नाही,
रिक्षावाला म्हणतो चालत नाही.
बँकेतला म्हणतो चालतोय की,
पर त्याच्याकडं कुठं तेल-मीठ मिळतंय?"

मी घेतला.
चार रुपये परत करू लागलो, तिनं हातानंच नको म्हटलं.
पैशावरचं साल तिनं बघितलं नाही,
छाप बघितली नाही,
भोकात नखानं जरा टोकरलं,
दोऱ्याला थुंकी लावून पीळ दिला
आणि खोवला कमरेला.

दिवेलागणीला भाईनं डब्यात डोकावून पाहिलं.
काळ्या, हिरव्या, झिजलेल्यांत
कडेनं पिवळा, मधे पांढरा
एक नवा कोरा.
"ये कौनसे नवाब का?"
म्हटलं, आजचाच आहे.
भाई हसला, चष्मा वर सरकवू लागला.
या वेळी साल मीच वाचलं.